चौथ्या वळणावरचा कोन

सकाळी साडेसातला ट्रॅकचं मागचं फाटक उघडायचं आणि सगळ्यात आधी आत शिरायच्या त्या वहिनी. पुढे हातगाडी, तिच्यात एकात एक बसवलेले छत्तीस नारिंगी कोन, खिशात खडू, हातात पन्नास मीटरची टेप. ट्रॅकला बारा वळणं होती आणि दर वळणाला तीन कोन लागायचे. पहिला कोन म्हणजे इथे ब्रेक दाबा. दुसरा म्हणजे इथे स्टिअरिंग फिरवा. तिसरा म्हणजे इथून आतल्या कडेला धरून निघा. ज्यांना गाडी येते त्यांना या कोनांची गरज नव्हती. पण इथे येणाऱ्यांत गाडी येणारे कमीच असायचे.

घरची गाडी पार्किंगमध्ये लावताना ज्यांना घाम फुटतो, अशी माणसं इथे यायची. कुणाला पन्नाशी झाली म्हणून बायकोमुलांनी कुपन दिलेलं असायचं, कुणाचं लहानपणापासूनचं स्वप्न असायचं. तासाभराचं व्याख्यान ऐकायचं, हेल्मेट घालायचं आणि जमिनीला पोट टेकलेल्या त्या गाड्यांमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसायचं. गाड्यांना कामगार रंगानेच ओळखायचे. लाल, पिवळी, काळी. पहिल्या दोन फेऱ्यांना शेजारी शिकवणारा बसायचा, तिसरीला गडी एकटा. आणि तिसऱ्या फेरीला काहीतरी व्हायचंच. कुणी गवतात, कुणी वाळूत, कुणी टायरांच्या भिंतीत.

वर्कशॉपचे फोरमन म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं. फक्त आपलं अंगण फार महाग आहे, वहिनी."

वहिनी त्यांच्याकडे तक्ता सरकवायच्या. वळण, कोन, अंतर आणि खाली दोन सह्या. एक वहिनींची, एक फोरमनची. ही पद्धत वहिनींनीच सुरू केली होती. रोज सकाळी फोरमनना बरोबर घेऊन त्या बाराही वळणं चालत मोजायच्या. डांबरावर प्रत्येक कोनाच्या जागी बशीएवढा पांढरा ठिपका रंगवलेला होता. कोन ठिपक्यावर बसला की बसला, तरी वहिनी टेप लावायच्याच.

"इतकं मोजता कशाला?" नव्यानं आलेल्या कुणीतरी एकदा विचारलं होतं.

"माझ्या नवऱ्याचं मोजलेलं कुणी मानलं नाही म्हणून," असं म्हणून त्या पुढच्या वळणाकडे चालू लागल्या होत्या.

नवऱ्याला इथे सगळे टेपमास्तर म्हणायचे. नऊ वर्षं कोन त्यांनीच लावले. माणूस असा, की घरी भिंतीवर कॅलेंडर लावायचं तरी आधी पेन्सिलीने रेघ मारणार. दीड वर्षापूर्वी एका दुपारी चौथ्या वळणावरचा पहिला कोन कुणाच्या तरी चाकाने उडाला. तो परत बसवायला मास्तर ट्रॅकवर उतरले. तांबडा दिवा लागलेला होता, म्हणजे सगळ्या गाड्यांनी थांबायचं होतं. मालकांच्या भाच्याची नवीकोरी राखाडी गाडी मात्र थांबली नाही. गाडी घेऊन त्याला चारच दिवस झाले होते. लांब सरळ पट्ट्यावर त्याने ती पिटाळली, वळण आल्यावर सगळा जोर देऊन ब्रेक दाबला, आणि गाडी आडवी होऊन सरकत मास्तरांपर्यंत आली.

चौकशीत भाच्याने सांगितलं, "कोन चुकीच्या जागी होता. म्हणून मी फसलो. तो माणूस आपली चूक निस्तरायला मध्ये आला."

मेलेल्या माणसाला कोण विचारणार? कागदावर आलं: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. मालकांनी माणुसकी म्हणून वहिनींना नवऱ्याच्या जागी घेतलं आणि वहिनींनी ती माणुसकी खाली मान घालून पदरात घेतली. घरी सासू होती. ती एवढंच म्हणाली, "जाशील तिथे ताठ मानेनं जा. माझ्या लेकानं कधी फूटपट्टीसुद्धा वाकडी धरली नाही."

पहिला फसला तो दातांचा डॉक्टर.

गोरा, गोल, सतत विनोद करणारा माणूस. व्याख्यानाच्या खोलीत शिकवणारा नेहमीचं सांगत होता, सुरक्षा का महत्त्वाची वगैरे. सांगता सांगता म्हणाला, "इथेच एका कर्मचाऱ्यानं कोन चुकीचा ठेवला होता. जीव गेला बिचाऱ्याचा, स्वतःच्याच चुकीनं." वहिनी मागे हेल्मेटं पुसत उभ्या होत्या. हे वाक्य त्या महिन्यातून दहादा ऐकायच्या.

डॉक्टर म्हणाला, "म्हणजे स्वतःच खणलेल्या खड्ड्यात!" आणि हसला. दोघंचौघंही हसले.

वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी हेल्मेटाची काच इतकी घासली, की फडक्याचा करकर आवाज खोलीभर झाला. मग त्या फडकं बदलायला बाहेर निघून गेल्या.

पाऊण तासाने पिवळी गाडी चौथ्या वळणावर सरळ गेली. वळलीच नाही. टायरांच्या तीन रांगा फोडून तिचं नाक आत घुसलं. डॉक्टर बाहेर आला तो स्वतःच्या पायांनी, पण तोंडाला फेस आल्यासारखा बोलत होता.

"कोन पुढे होता. खूप पुढे. मी कोनाशी ब्रेक दाबला, शपथेवर सांगतो!"

फोरमन आणि वहिनी टेप घेऊन गेले. कोन ठिपक्यावर होता. वळणाच्या अलीकडे एकशे दहा मीटर, बोटभरही इकडे तिकडे नाही. चाकांच्या काळ्या रेघा मात्र कोनापासून चोवीस मीटर पुढे सुरू झाल्या होत्या. गाडीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रातही कोन होता तिथेच दिसत होता आणि गाडी त्याच्या शेजारून निवांत पुढे निघून जात होती.

"घाबरला आणि विसरला," फोरमन म्हणाले. "सगळे असंच म्हणतात."

वहिनींनाही तसंच वाटलं. माणसं ट्रॅकवर घाबरतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तक्त्यावर वेळ लिहिली आणि सही केली.

दोन आठवड्यांनी फरशांच्या व्यापाऱ्याची पाळी आली. तो व्याख्यानात हसला नव्हता. तो नंतर वहिनींच्या हातून हेल्मेट घेताना म्हणाला, "बाई, आज कोन नीट लावलेत ना? की त्या येड्यासारखे?" वहिनींनी पुढचं हेल्मेट घासायला घेतलं. तेवढ्यात त्यांना मालकांनी ऑफिसात बोलावलं. डॉक्टरच्या प्रकरणाचा मालकांना संशय होता.

मालक टेबलापलीकडून म्हणाले, "हे बघा, मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण त्या वळणाशी तुमचं काही... म्हणजे, माणसाचं मन असतं."

"रोज दोन सह्या असतात, साहेब. एक फोरमनची असते."

"ते ठीक आहे. पण तुम्ही दिवसभर असता कुठे?"

वहिनी उत्तर देणार, तोच बाहेर टायर किंचाळले. मग असा आवाज आला, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. मालक उठून खिडकीशी धावले. काळी गाडी चौथ्या वळणाच्या भिंतीवर चढून कुशीवर पडली होती. वहिनी टेबलासमोर जागच्या जागी उभ्या होत्या. मालकांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यानंतर तो प्रश्न त्यांनी परत कधी विचारला नाही.

व्यापाऱ्याचा खांदा निखळला होता. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो फोरमनना म्हणाला, "तुम्ही चालू ट्रॅकवर माणसं सोडता? कुणीतरी होतं तिथे. नारिंगी जाकीट घातलेलं. वाकून कोन उचलत होतं. माझ्या डोळ्यांदेखत कोन उचलून पुढे नेऊन ठेवला."

त्या वळणावर कुणीही नव्हतं. नारिंगी जाकिटं ट्रॅकवरच्या सगळ्याच माणसांना असायची, पण त्या वेळी ती सगळी माणसं पलीकडच्या शेडमध्ये चहा पीत होती. फोरमननी कॅमेऱ्याचं चित्र तीनदा पाहिलं. रिकामा ट्रॅक, ठिपक्यावर कोन. फोरमननी चित्र बंद केलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मास्तरही असंच वाकायचे नाही का? एक हात कमरेवर ठेवून?"

वहिनी तक्त्यावर वेळ लिहू लागल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या वळणावर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. कोन ठिपक्यावर बसवला, टेप गुंडाळली आणि फोरमन पुढे गेलेत असं पाहून म्हणाल्या, "आहात का?"

वारा नव्हता. लांबून कुठेतरी हवेचा पंप फटफटत होता. वहिनींना बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदाच बरं वाटलं. त्या रोज बोलू लागल्या. आईंचा गुडघा दुखतोय, छपराचा पत्रा बदलला, अमक्याने तुम्हाला काय म्हटलं. हे शेवटचं त्या अगदी सविस्तर सांगायच्या.

घरी त्यांनी सासूलाही सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ते आहेत तिथे, आई. जे त्यांना हसतात त्यांना ते सोडत नाहीत."

सासूने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तो नसेल गं," ती म्हणाली. "त्याला राग धरताच यायचा नाही. लहानपणी मार खाऊन यायचा आणि मारणाऱ्यालाच खेळायला बोलवायचा."

"मेल्यावर माणूस बदलत असेल."

"मेल्यावर कसला बदलतो? बदलायचं ते जिवंतपणीच." आणि सासूने निवडलेली भाजी त्यांच्याकडे सरकवली.

सभासदांच्या दिवशी स्वतःच्या गाड्या असलेले लोक यायचे. शेजारी शिकवणारा नसायचा, घरच्यांना बसवून फिरवायची मुभा असायची. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मालकांचा भाचा आला. दीड वर्षात पहिल्यांदा. गाडी नवी होती, पांढरी, आणि बायकोही नवी. लग्नाला चार महिने झाले होते म्हणे.

वहिनी हेल्मेटच्या खिडकीत उभ्या होत्या. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. ओळखणार कसं? चौकशीला त्याने मान वर केली नव्हती. बायकोने मात्र "नमस्कार" केला आणि हेल्मेटचा पट्टा गळ्याशी अडकवता येईना तेव्हा ओशाळून हसली.

"तुम्ही लावून द्याल का, ताई? माझे हात थरथरतायत."

"भीती वाटते?"

"वाटते," ती हळू आवाजात म्हणाली. "मी हळू म्हटलं की हे आणखी जोरात चालवतात. म्हणून हल्ली म्हणतच नाही."

भाचा दाराशी उभा राहून ट्रॅककडे बोट दाखवत होता. "ते बघ, ते चौथं वळण. तिथे एकदा एका येड्यानं माझी गाडी वाया घालवली होती. कोन नीट लावता येईना त्याला. आज ते वळण कसं घ्यायचं असतं ते दाखवतो तुला."

वहिनींच्या बोटांतून पट्टा सुटला. त्यांनी तो पुन्हा धरला. गाडी वाया घालवली. माणूस नव्हे, गाडी.

तेवढ्यात फोरमन मागच्या दाराने आत आले. त्यांनी भाच्याला पाहिलं, वहिनींना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वहिनींना बाजूला घेऊन ते म्हणाले, "आज चौथ्यावरचे कोन काढून टाकू का? कोनच नसले तर..."

"कशाला? बरोबर आहेत ना? तुम्हीच सही केलीत."

"वहिनी, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"मला काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "राहू द्या."

फोरमन मान हलवत निघून गेले.

वहिनी खिडकीशी परत आल्या. बायको हेल्मेट घालून उभी होती, आतून तिचे डोळे मोठे मोठे दिसत होते. बावीस-तेवीस वर्षांची असेल. भाचा बाहेरून ओरडला, "चल गं!"

इतके दिवस वहिनींनी कुणाला काही केलं नव्हतं. कोन बरोबर लावले होते, सह्या केल्या होत्या, जे झालं ते पाहिलं होतं. आता मात्र त्यांना काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारख्या गोष्टी दोन होत्या. एक म्हणजे भाच्याला थांबवणं.

त्यांनी बायकोच्या गळ्याशी हात नेला, पट्ट्याचा खटका दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हा खटका तुटलाय. हे हेल्मेट चालणार नाही."

"आत्ता तर लागला होता."

"लागतो आणि सुटतो. तुमच्या मापाचं दुसरं नाही. नियम आहे, बाई, मला जाऊ देता येणार नाही. पुढच्या फेरीला बघू." आणि त्यांनी हेल्मेट तिच्या डोक्यावरून उतरवून घेतलं.

बायकोच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी उमटलं. तिने ते लगेच लपवलं. "मी ऑफिसच्या गच्चीवरून बघते मग," ती नवऱ्याला म्हणाली. "फोनवर तुझा व्हिडिओ काढते."

"काढ. नीट काढ," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

वहिनींनी हेल्मेटची खोली आतून लावून घेतली.

खोलीला खिडकी एकच, लोकांना हेल्मेट द्यायची. तिचं फळकुट त्यांनी खाली ओढलं. आत अंधुक झालं. शेल्फावर हेल्मेटं रांगेने बसली होती, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. त्यांनी पहिलं घेतलं आणि पुसायला लागल्या.

गाडी निघाल्याचा आवाज आला. पहिलं वळण. दुसरं.

त्यांनी दुसरं हेल्मेट घेतलं.

तिसरं वळण. मग लांब सरळ पट्टा. इंजिनचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि आता उतरायला हवा होता तरी चढतच राहिला.

वहिनींनी डोळे मिटले. "घ्या," त्या पुटपुटल्या.

ब्रेकचा आवाज आला तो फार उशिरा.

मग सगळं एकदमच.

मग काहीच नाही. बाहेर कुणाची तरी धावती पावलं. वहिनींच्या मांडीवर हेल्मेट होतं आणि त्यांचा हात अजून फिरत होता, एकाच जागी, गोल गोल.

भाचा वाचला. कमरेखाली मात्र त्याला काही जाणवेना, आणि जाणवणारही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. शुद्धीवर आल्यापासून तो एकच घोकत होता. कोन हलवला होता. कोन चुकीच्या जागी होता. जो भेटेल त्याला, नर्सला, मामांना, चौकशीला आलेल्या माणसांना.

चौकशीवाल्यांनी टेप लावली. एकशे दहा मीटर. तक्ता पाहिला. दोन सह्या. गाडीतला कॅमेरा पाहिला. ठिपक्यावर कोन, रिकामा ट्रॅक. या वेळी कागदावर आलं: चालकाचा निष्काळजीपणा. मालकांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि वहिनींच्या नजरेला नजर न देता खणात टाकला. महिनाभर ट्रॅक बंद ठेवायचं ठरलं.

बंद व्हायच्या आदल्या दिवशी वहिनी चौथ्या वळणावर गेल्या. नवीन टायर आणून रचले होते, त्यांना रबराचा उग्र वास येत होता.

"झालं हो," त्या म्हणाल्या. "फेडलंत तुम्ही."

त्यांना वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. आजूबाजूला कुणी असल्यासारखंही वाटलं नाही. नुसतं डांबर, ऊन आणि पांढरा ठिपका. खरं सांगायचं तर असं रिकामं त्यांना इथे पहिल्यापासूनच वाटत आलं होतं. बरं वाटायचं ते नुसतं बोलून. हे त्यांच्या त्या क्षणी ध्यानात आलं आणि त्या घाईघाईने परत फिरल्या.

हेल्मेटच्या खोलीपाशी भाच्याची बायको उभी होती. साधे कपडे, हातात कापडी पिशवी. नवऱ्याचे बूट आणि घड्याळ इथल्या कपाटात राहिलं होतं, ते न्यायला आली होती. वहिनींनी कपाट उघडून दिलं. तिने सामान पिशवीत भरलं, पण ती निघेना.

"तुम्ही मला गाडीत बसू दिलं नाहीत," ती म्हणाली. "खटका तुटलेला नव्हता. मला कळलं होतं."

वहिनींनी कपाटाचं दार लावलं.

"मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. आणि तो व्हिडिओही मी पुसून टाकला."

"कोणता व्हिडिओ?"

"गच्चीवरून काढलेला. गाडी यायच्या आधी मी ते वळण फोनमध्ये मोठं करून बघत होते. तेव्हा तुम्ही दिसलात."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मी नव्हते तिथे. मी इथे होते. या खोलीत. दार लावून हेल्मेटं पुसत होते."

"हो," बायको समजूत घातल्यासारखी म्हणाली. "मी चौकशीवाल्यांनाही तेच सांगितलं. ताई खोलीतच होत्या म्हणून." तिने वहिनींचा हात हातात घेतला, हलकेच दाबला आणि सोडला. "तुमचं काय नुकसान झालंय ते मला नंतर फोरमनकाकांनी सांगितलं. माझी काही तक्रार नाही."

ती दारापर्यंत गेली. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि थांबली.

"फक्त एक डोक्यातून जात नाही," ती म्हणाली. "गाडी समोरून येत होती आणि तुम्ही बाजूला झाला नाहीत. तुम्ही तो कोन कडेवर घेतला होतात, लेकरू घेतात ना, तसा. आणि त्याला हसत हसत गाडी दाखवत होतात."